पाच दिव्यांची जीप

जीपला जादा दिवे बसवावेत ही कल्पना मुळात माझी नव्हती. आमच्या कट्टा गावच्या बाजारात आजही माझी ओळख ‘लायटीवालो मास्तर’ अशी करून दिली जाते, आणि ती ऐकून नवखा माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ती पाहता हा खुलासा आधीच केलेला बरा. कल्पना जॉर्जबाबची होती. म्हणजे त्याने एक दिवा सुचवला होता. एकाचे पाच कसे झाले, ते मात्र मलाच सांगावं लागेल.

जॉर्जबाब आमचा शेजारी. त्याच्या आणि आमच्या अंगणांमध्ये फक्त एक चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची बुटकी भिंत. सारा जन्म बोटीच्या इंजिनाजवळ काढून तो नुकताच कायमचा घरी आला होता, आणि जानेवारीत त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, क्लेमेंटिनाचं लग्न ठरलं होतं. साल सत्त्याऐंशी. नवरा मुलगा रोनाल्ड सड्यापलीकडच्या गावातला. सडा म्हणजे काळ्या कातळाचं उघडंबोडकं माळरान. झाड नाही, घर नाही, रस्ता तर नाहीच. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आहेत, पण त्या जिकडेतिकडे फुटलेल्या, आणि त्यातली कुठली गावात जाते आणि कुठली एखाद्या जुन्या चिरेखाणीच्या तोंडाशी नेऊन सोडते हे दिवसाउजेडीसुद्धा विचारत जावं लागतं. डांबरी रस्त्याने जायचं तर कसालपर्यंत जाऊन हायवे धरायचा आणि दुसऱ्या फाट्याने पुन्हा खाली यायचं. निव्वळ द्राविडी प्राणायाम.

माझ्याकडे एक जीप होती. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या माणसाकडे लिलावातली जुनी जीप का असावी, हा प्रश्न माझी बायको सुनीती हिने मला अनेकदा विचारला आहे, आणि त्याचं समाधानकारक उत्तर मी अजून शोधतो आहे.

एके दिवशी जॉर्जबाब गडग्यावर कोपरं टेकवून म्हणाला, “मास्तर, क्लेमीक तुझ्या जीपीतसून न्हेवया? देवळातला लगीन चार वाजता. मगे सड्यावरसून थेट न्हवऱ्याच्या घराक. तू चलवतलंस ना?”

देऊळ म्हणजे त्यांचं चर्च. क्लेमेंटिना माझी विद्यार्थिनी. मी म्हटलं, “ह्यां काय विचारणां झाला, जॉर्जबाब? माझी जीप म्हणजे तुमचीच जीप.”

“तसां नाय रे. पण जाईसर काळोख पडतलो. आणि तुझे दिवे...” इथे तो थांबला. त्याचा स्वभाव कुणाला न दुखवणारा. “तुझे दिवे आता जरा म्हातारे झाले. एक बरोसो दिवो बसव.”

ते खरंच होतं. माझ्या जीपचा एक दिवा आभाळाकडे बघायचा आणि दुसरा गटाराकडे. मधला जो भाग, ज्याला सामान्यतः रस्ता म्हणतात, तो आम्ही अंदाजाने पार करायचो. एक दिवा घ्यायला हरकत नव्हती. पण माझा दुर्दैवी स्वभाव असा की कुठलंही काम शास्त्रशुद्ध पद्धतीने केल्याशिवाय मला चैन पडत नाही. प्रकाश हे प्रकरण मी नववीला वर्षानुवर्षं शिकवतो. परावर्तन, अपवर्तन, अंतर्वक्र आरसा. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा उपयोग करायची संधी आली होती, आणि ती मी सोडणार नव्हतो.

मी दोनचार लोकांचं मत घेतलं. इथे पहिली चूक झाली. आमच्याकडे सल्ला मागितलेला माणूस तो देऊन स्वस्थ बसत नाही. तो पाळला जातोय की नाही ते बघायला रोज येतो.

पहिला आला दत्ताराम. एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. उमेदीची सगळी वर्षं त्याने फोंडाघाट चढण्या-उतरण्यात घालवली होती, आणि कुठलाही विषय निघाला तरी तो वळणावळणाने घाटावरच जायचा.

“पिवळो होयो,” तो ओसरीवर बसता बसता म्हणाला. “आणि खाली होयो. बंपराच्या खाली. ढवळो उजेड धुक्यात भिंतीसारखो उभो रवता.”

“दत्ताराम, आपल्या सड्यावर जानेवारीत धुकां खंय असता?”

“पडलां तर?”

या प्रश्नाला विज्ञानाकडे उत्तर नाही. मी पिवळा दिवा मान्य केला. तेव्हा तो म्हणाला की एकच पिवळा लावला तर गाडी काणी दिसते, म्हणून दोन हवेत.

हे जॉर्जबाबच्या कानावर गेलं. तो गडग्यावर आला तोच जरासा हिरमुसला होऊन. “दर्यार खंयच्या बोटीक पिवळो दिवो बघलंस काय तू? उजेड ढवळो आणि लांब जाणारो होयो. खालचे दिवे पायाकडला दाखवतत. पायाकडला दिसान काय करतलंस? थंयसर तू इलंसच.” दिवा ज्याच्या मुलीसाठी बसवायचा त्याचंच मत डावलणं मला प्रशस्त वाटेना. दोन पांढरेही ठरले.

राहिला सत्यवान. कसालच्या नाक्यावर त्याचं वायरिंगचं दुकान. हा मनुष्य कधीही ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ म्हणत नसे, आणि त्यामुळे आसपासच्या पाचपंचवीस गावांत त्याच्याबद्दल मोठा आदर होता. त्याच्या फळीवर एक भला मोठा दिवा वर्षानुवर्षं पडून होता. जीपच्या टपावर बसवायचा आणि आतून दांडा धरून हाताने फिरवायचा. सत्यवान म्हणाला, “मास्तर, तुमचे ते चार दिवे गाडी जंय जाता थंयच बघतत. पण सड्यावर गाडी जावच्या आधी बघूक नको, खंय जावचा ता?” युक्तिवाद बिनतोड होता. मी हरलो आणि पाचवा दिवा घेतला.

घरी आल्यावर सुनीतीने सगळे खोके ओळीने मांडलेले पाहिले. तिने फक्त एवढंच विचारलं, “लग्न एकाच मुलीचं आहे ना?”

आता बसवायचं काम. पिवळे दोन दिवे बसवायला सत्यवानाने बंपरच्या पुढे एक जाड लोखंडी पट्टी आडवी ठोकली. पांढरे दोन त्याच्या वर. जीपला टप असा नव्हताच, ताडपत्री होती. म्हणून पाइपाची एक कमान उभी केली. ती उभी करताना ताडपत्री उभी फाटली. मग पाच दिव्यांना जुनी बॅटरी पुरणार नाही असं लक्षात आलं, तेव्हा सत्यवानाने ट्रकची बॅटरी आणली. ती बॉनेटखाली मावेना, म्हणून पुढच्या सीटखाली बसवली. त्यामुळे सीट इतकी उंच झाली की शेजारी बसणाऱ्याचं डोकं ताडपत्रीला टेकायचं आणि तो सतत काहीतरी विनम्रपणे ऐकतो आहे असं दिसायचं. बॅटरी भरणारा डायनामो मात्र जुनाच ठेवला. “ह्यो डायनामो हत्तीक पण पोसात,” असं सत्यवानाने सांगितलं, आणि मी ते मानलं. हत्ती काय खातो याची मला कल्पना नव्हती, तशी त्यालाही नसावी.

एवढं झाल्यावर मी शहाण्या नागरिकाप्रमाणे जीप तपासणीला नेली. त्या वेळी गाड्या तपासणारे एक साहेब अधूनमधून आमच्या भागात येऊन डाकबंगल्यासमोर बसत. त्यांनी माझ्या जीपकडे पुष्कळ वेळ पाहिलं.

“हे काय आहे?”

“दिवे आहेत, साहेब.”

“मूळचे धरून?”

“मूळचे सोडून.”

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. “कशासाठी?”

“लग्नासाठी.”

“लग्नासाठी लोक मांडवाला रोषणाई करतात.”

मी त्यांना सडा, चाकोऱ्या, जॉर्जबाबची मुलगी, प्रकाशाचा कोन असं सगळं समजावून सांगितलं. माझ्या मागे ट्रकवाल्यांची रांग होती, आणि तीही मन लावून ऐकत होती. शेवटी साहेब म्हणाले, “डांबरी रस्त्यावर सगळे जादा दिवे झाकलेले पाहिजेत. आणि हा टपावरचा दिवा शिकारीचा आहे. जंगलखात्याची हरकत नसेल तर माझी नाही.”

म्हणून एक दिवस जंगलखात्याचा गार्ड आमच्या अंगणात आला. त्याने जीपच्या मागच्या भागात वाकून वाकून तपास केला आणि अखेर काही पिसं हाती धरून बाहेर आला. “हे काय, गुरुजी?” आमची कोंबडी रात्री जीपमध्ये बसते असं मी सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. तेव्हा सुनीतीने कोंबडीलाच पकडून आणून त्याच्यापुढे धरली. त्याने पिसं ताडून पाहिली. हायस्कूलच्या शिक्षकाने स्वतःच्या अंगणात कोंबडीच्या साक्षीने निर्दोष सुटावं, याचं मला फार वाईट वाटलं. सुनीतीला वाटलेलं दिसलं नाही. तिने त्याच दुपारी जुन्या फुलाफुलांच्या परकरातून पाच दिव्यांना पाच कुंच्या शिवल्या. त्या घालून जीप कट्ट्याच्या बाजारातून जायची तेव्हा बारशाला निघालेल्या बाळासारखी दिसायची.

मग चाचणी. एका संध्याकाळी जॉर्जबाब, दत्ताराम, सत्यवान आणि मी असे सड्यावर गेलो. कुंच्या काढल्या आणि पाचही दिवे एकदम लावले. उजेड असा पडला की दत्ताराम एक पाऊल मागे सरला. जॉर्जबाबने टपावरच्या दिव्याचा दांडा हातात घेऊन तो पश्चिमेकडे फिरवला, कारण बोटीवर राहिलेला माणूस शेवटी समुद्राकडेच बघणार. उजेडाचा तो झोत सड्यावरून सरळ दर्यावर गेला. जॉर्जबाब लहान मुलासारखा हसत होता. “बघ रे मास्तर, बघ,” असं म्हणत त्याने तो झोत तीनचारदा इकडून तिकडे फिरवला.

त्या वर्षांत किनाऱ्यावर चोरून सोनं उतरतं असं सगळेच बोलत. त्यामुळे तिसऱ्या की चौथ्या दिवशी साध्या कपड्यातले दोन गृहस्थ माझ्याकडे आले आणि समुद्रात कुणाला खुणा करत होतात असं त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं, यात आश्चर्य नव्हतं. मी त्यांना अंतर्वक्र आरशाची आकृती काढून दाखवली. त्यांना ती संशयास्पद वाटली. दोन वेळा येऊन गेल्यावर, जॉर्जबाबचा आणि दत्तारामाचा जबाब झाल्यावर, आणि मुख्यतः आमच्या घरातलं सामान पाहिल्यावर त्यांची खात्री पटली की इथे सोनं कधी आलेलं नाही.

पण मधल्या काळात मी एक वेगळंच जग पाहिलं. मास्तर सोन्याच्या धंद्यात आहे ही बातमी पसरली आणि लोक मला मान देऊ लागले. मासे विकणारी मथुरा सुनीतीला टोपलीच्या तळातला ताजा सरंगा काढून द्यायची, आणि आवाज खाली आणून “मास्तरांका सांग हां,” असं म्हणायची. दहावीचा वर्ग मी शिरताच शांत बसायचा. इतकी वर्षं शिकवून जे जमलं नव्हतं ते एका संशयाने जमलं. चौकशीत काही निघालं नाही हे कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मथुरेने सुनीतीला आदल्या दिवशीचे बांगडे दिले, आणि वर्ग पूर्ववत गोंगाट करू लागला.

या सगळ्या प्रकारानंतर जॉर्जबाब पुन्हा गडग्यावर आला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, “मास्तर, मी म्हणतंय, गोंयच्या पावण्यांची बस कसालवरसून जातलीच आसा. क्लेमीक आणि रोनाल्डाक तेंच्यावांगडाच धाडूया काय? लांब पडात, पण...”

मला ते लागलं. माझ्या जीपला इतके लोक हसले होते, तिची इतक्या खात्यांनी झडती घेतली होती. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तोच आता बसचं नाव काढत होता. मी म्हटलं, “जॉर्जबाब, तुमचो माझ्यार विश्वास नाय, असां सांगा.”

“तसां नाय रे.”

“मगे कसां?”

त्याने गडग्यावरचा एक सुटा दगड नीट बसवला. “बरां,” तो म्हणाला. “क्लेमी तुझ्याचबरोबर येतली.”

सुनीती मागीलदारी होती. तिने हे ऐकलं होतं. “त्यांना बसने जाऊ द्या की,” ती म्हणाली. मी तिला म्हटलं की हा आता तत्त्वाचा प्रश्न आहे. माझ्या आयुष्यातले तत्त्वाचे प्रश्न आज आठवतो तेव्हा त्यातला एकही दिव्यांपेक्षा मोठा नव्हता असं दिसतं.

लग्नाचा दिवस उजाडला. देवळातला विधी सुंदर झाला. क्लेमेंटिनाचा पांढरा झगा आपोलिनाने, म्हणजे तिच्या आईने, गोव्यातल्या बहिणीकडून शिवून आणला होता. जॉर्जबाब काळ्या सुटात आणि नव्या बुटांत होता. त्याचे मडगावचे भाऊ आले होते, बोटीवरचे जुने सोबती आले होते. ही सगळी मंडळी देवळातून परस्पर बसने हायवेमार्गे नवऱ्याच्या घरी गेली. आम्ही मागे राहिलो, कारण फोटो काढणाऱ्याचं समाधान होईना. जीप निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. माझ्या शेजारी उंच सीटवर जॉर्जबाब मान वाकवून बसला होता. मागे नवरानवरी आणि आपोलिना.

जॉर्जबाब वाटेत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. मी विचारलं तेव्हा कळलं, टोस्ताचं भाषण. त्यांच्याकडे जेवणाआधी कुणीतरी मोठा माणूस पेला उंचावून नवरानवरीबद्दल चार शब्द बोलतो. साधारणपणे हे काम गावातल्या बोलक्या माणसाला देतात. पण जॉर्जबाबने ते स्वतःकडे मागून घेतलं होतं. भाषण पाठ होतं, फक्त त्याला भीती वाटत होती.

सड्यावर आलो आणि अंधारलं. मी जीप थांबवली, खाली उतरून एकेका दिव्याची कुंची काढली, परत बसलो आणि पाचही बटणं एकामागून एक दाबली.

तो क्षण मला अजूनही नाकारता येत नाही. पुढचा सगळा कातळ दुधासारखा पांढरा झाला. एक ससा जागच्या जागी बसून राहिला आणि मग भानावर येऊन पळाला. मागून क्लेमेंटिना म्हणाली, “सर, दीस उगवलो.” मी टेचात गिअर टाकला आणि खडकातून हळूहळू निघालो.

सड्याच्या मध्यावर पांढरा उजेड पिवळट झाला. पिवळा होता तो तांबूस झाला. इंजिन दोनदा खोकलं. मग दिवे निखाऱ्यासारखे दिसले आणि विझले, आणि त्याच क्षणी इंजिनही बंद पडलं. ट्रकची ती भली मोठी बॅटरी त्या जुन्या डायनामोने कधी पुरती भरलीच नव्हती. हत्ती उपाशी होता.

डोळे उजेडाने इतके दिपले होते की आता काहीच दिसेना. शेजारी बसलेला जॉर्जबाबसुद्धा.

“हँडल मारूया,” रोनाल्ड म्हणाला. मोठा समजूतदार मुलगा. त्याने मागच्या सीटखालून हँडल काढलं, लग्नाच्या सुटात गुडघ्यावर बसला आणि चाचपडत जीपच्या तोंडाशी हँडल घालून इंजिन हाताने फिरवायचं भोक शोधू लागला. काडी ओढली. काडीच्या उजेडात आम्हा सगळ्यांना एकदम दिसलं की त्या भोकाच्या बरोब्बर समोर, अगदी मध्यावर, पिवळ्या दिव्यांची लोखंडी पट्टी आडवी बसलेली आहे. बोल्ट काढायला पाना हवा. पाने कसालला सत्यवानाच्या दुकानात होते. जीप ढकलूनही पाहिली. बॅटरीत जीवच नव्हता, ती चालू कशी होणार.

“टॉर्च आसा?” आपोलिनाने विचारलं.

टॉर्च घरी होता. पाच दिवे असताना टॉर्च कोण घेतो.

आम्ही चालायला लागलो. हळूहळू चांदण्या दिसू लागल्या, कातळ अंधुक दिसू लागला. क्लेमेंटिनाने झग्याचा घोळ गोळा करून हातावर घेतला आणि उंच टाचांचे बूट रोनाल्डच्या दोन्ही खिशांत कोंबले. आपोलिना तेर्स म्हणत होती, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि दोन प्रार्थनांच्या मधल्या जागेत ती माझं नाव घेत नव्हती हे मला स्पष्ट ऐकू येत होतं. जॉर्जबाबने मुलीचा हात धरला होता. नव्या बुटांनी त्याला लंगडायला लावलं होतं. मी सगळ्यांच्या पुढे चाललो होतो, म्हणजे वाटाड्या म्हणून. दोनदा वाट चुकल्यावर रोनाल्ड पुढे झाला.

सडा उतरायच्या जागी पेट्रोमॅक्स घेऊन आलेली माणसं भेटली. रोनाल्डचा चुलता पुढे होता. “अरे, उजेड दिसलो मा आमका,” तो सांगू लागला. “अख्खो सडो पेटल्यासारो. म्हटला, इली व्हकल, न्हवरी इली. बँडवाल्यांका उभे केले, तेंनी वाजवूक पण घेतल्यानी. मगे उजेडच गेलो. आता इतलीत, मगे इतलीत, म्हणान वाट बघीत रवलो.”

आम्ही पोचलो तेव्हा मांडवात फार थोडी माणसं होती. गोव्याची बस गेली होती. ड्रायव्हरला सकाळी दुसरं वऱ्हाड होतं. तो थांबता येईल तेवढा थांबला, आणि जॉर्जबाबचे भाऊ, बोटीवरचे सोबती, सगळे त्या बसबरोबर गेले. गावातलेही जेवून निघाले होते. बँडवाले पेटीत वाद्यं भरत होते. दोन माणसं खुर्च्या एकावर एक रचत होती.

मला वाटलं, आता जॉर्जबाब मला चार शब्द सुनावेल. माझी तयारी होती. पण तो माझ्याकडे वळलाच नाही. त्या खुर्च्यावाल्यांना म्हणाला, “जरा रवा. आता रचू नकात.” मग त्याने तोंड धुतलं, टाय सारखा केला आणि पेला घेऊन उभा राहिला.

त्याने सगळं भाषण म्हटलं. एक शब्द गाळला नाही. क्लेमेंटिनाच्या लहानपणीचा एक विनोदी प्रसंग होता त्यात. तो सांगून जॉर्जबाब थांबला, हशा होईल तेवढा वेळ. मी आणि रोनाल्डचा चुलता हसलो, पण दोघांच्या हसण्याला मांडव फार मोठा होता. पुढे भावांचं नाव आलं तेव्हा त्याने ज्या बाजूला ते बसणार होते तिकडे वळून पेला उंच केला. तिथे रचलेल्या खुर्च्या होत्या. मग त्याने सर्वांना उभं राहायला सांगितलं, आणि जे होते ते उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सत्यवान पाना घेऊन गेला आणि जीप घेऊन आला. म्हणाला, “दिव्यांचो काय दोष नाय, मास्तर. दिवे एक नंबर.” दत्ताराम म्हणाला, नुसते पिवळे लावले असते तर ही वेळ आली नसती. जो तो आपापल्या दिव्याची बाजू घेऊन आला आणि चहा पिऊन गेला. मी दिवे काढून टाकले. ते कुणी नेले, कुठे गेले, याचा पाठपुरावा केला नाही.

जॉर्जबाब गडग्यावर येतच राहिला. रागावला नाही, टाळलं नाही, त्या संध्याकाळचा विषय काढला नाही. फक्त तो मला ‘तुमी’ म्हणायला लागला. “मास्तर, तुमच्या आंब्यार मोहोर बरो इलो.” “मास्तर, तुमी कट्ट्याक जातास?” इतक्या वर्षांच्या शेजारात हा माणूस मला अरेतुरे करत आला होता, वयाने मोठा म्हणून आणि मायेने. एकदा शिवी दिली असती तर मी सुटलो असतो. पण मान देणाऱ्या माणसापुढे काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

मे महिन्यात क्लेमेंटिना माहेरी आली. फणस द्यायला आमच्याकडे आली तेव्हा मी धीर करून तिला म्हटलं, “तुझ्या लग्नाचा मी वाटोळां केलंय गो.”

“नाय हो, सर,” ती म्हणाली. “माझ्या ल्हानपणार पप्पा सगळो वेळ बोटीर. शाळेत सोडूक मम्मा, जत्रेक मम्मा. तेंच्या हाताक धरून मी एवढां कधी चलाकच नाय होतंय. त्या दिसा चललंय. वाटेत काय काय सांगीत होते ते. माका ता बरां वाटला.”

ती गेल्यावर मला बसवेना. मी गडग्याला वळसा घालून जॉर्जबाबच्या अंगणात गेलो. तो खिडकीच्या झडपेला रंग लावत होता. मी त्याला क्लेमेंटिना काय म्हणाली ते शब्दाशब्दाने सांगितलं. सांगताना माझ्या आवाजात जरा उत्साह आला असावा.

तो ऐकत रंग लावत राहिला. झडपेची एक फळी पुरी झाल्यावर त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

“माका पण तिनां सांगल्यान,” तो म्हणाला. “ता खरां आसा.” ब्रशातून ओघळणारा थेंब त्याने बोटाने निपटला. “पण मांडव रिकामो होतो, मास्तर. ता पण खरां.”

मग त्याने घरात आपोलिनाला हाक मारून चहा टाकायला सांगितलं, ओसरीवरची खुर्ची फडक्याने पुसली आणि माझ्यापुढे सरकवली.

“बसा,” तो म्हणाला. “च्या घेवन जावा.”

मी बसलो. पाहुणा बसतो तसा, खुर्चीच्या कडेवर.